हायकोर्टाचा न्यायमूर्ती नेमका निवडतं कोण?

२८ मे २०२३ हा रविवार होता. त्या दिवशी न्या. रमेश धानुका यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून शपथ घेतली आणि मंगळवारी, ३० मे रोजी, ते निवृत्तही झाले. महाराष्ट्र आणि गोव्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाचं प्रमुखपद त्यांच्या वाट्याला आलं ते जेमतेम तीन दिवस. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीला वयाची ६२ वर्षं झाली की घरी जावंच लागतं, त्यात मुदतवाढ नाही. त्यामुळे ही तारीख सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. त्यांच्या नावाची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदानं, म्हणजे कॉलेजियमनं, एप्रिलमध्येच केलेली होती. आणि पद तर डिसेंबर २०२२ मध्ये न्या. दीपांकर दत्ता सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हापासून प्रभारींवर चाललं होतं.

मग एप्रिलपासून मेअखेरपर्यंत काय चाललं होतं? फाइल चालली होती. न्यायमूर्ती कसा निवडला जातो हे समजून घ्यायचं तर या फाइलीचा माग काढावा लागतो. पण त्याआधी ही व्यक्ती नेमकी कुठे जाऊन बसते, ते पाहू.

एक न्यायालय, पाच ठिकाणं

घटनेचं २१४ वं कलम म्हणतं, प्रत्येक राज्याला एक उच्च न्यायालय. २३१ वं कलम सवलत देतं की दोन-तीन राज्यांत मिळून एक असलं तरी चालेल. म्हणून देशात राज्यं २८ आणि उच्च न्यायालयं २५. मुंबईचं न्यायालय महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश, असं सगळं सांभाळतं. ते सुरू झालं १४ ऑगस्ट १८६२ रोजी. राज्याहून, घटनेहून आणि सर्वोच्च न्यायालयाहून ते वयानं मोठं आहे. फोर्टमधली ओव्हल मैदानासमोरची दगडी इमारत त्यानंतरची, १८७८ मध्ये पुरी झालेली.

मुख्य पीठ मुंबईत. बाकीच्या प्रत्येक ठिकाणामागे मात्र वेगळी गोष्ट आहे. नागपूरला १९३६ पासून स्वतःचं स्वतंत्र हायकोर्ट होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि ते हायकोर्ट मुंबईचं खंडपीठ झालं. १९५३ च्या नागपूर करारातलं हिवाळी अधिवेशन सगळ्यांना आठवतं, पण नागपूरला हायकोर्टाचं पीठ राहील हेही त्याच करारातलं कलम आहे. गोव्यात मुक्तीनंतर न्यायिक आयुक्तांचं न्यायालय होतं. संसदेनं खास कायदा केला आणि १९८२ पासून गोवा मुंबई हायकोर्टाखाली आला. ते खंडपीठ आता पर्वरीला बसतं.

मराठवाड्याची गोष्ट जास्त रंगतदार आहे. पुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमात एक बारीक सोय आहे. कायमचं खंडपीठ करायचं तर राष्ट्रपतींचा आदेश लागतो, पण मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेनं न्यायमूर्तींना राज्यात आणखी कुठेही बसवू शकतात. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी हीच सोय वापरून ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कामकाज सुरू केलं. त्याला आव्हान दिलं गेलं, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये हा अधिकार मान्य झाला. पुढे ते खंडपीठ कायम झालं.

तीच किल्ली चार दशकांनी कोल्हापूरसाठी फिरली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठीचं सर्किट बेंच, म्हणजे अजून कायम न झालेलं पीठ, १८ ऑगस्ट २०२५ पासून चालू झालं. सुरुवातीला चारच न्यायमूर्ती होते: दोघांचं मिळून एक पीठ आणि दोन एकल पीठं. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. पण ज्यानं रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून, सकाळी सीएसएमटीला तोंड धुऊन, फोर्टात वकिलाच्या ऑफिसात ताटकळत बसून संध्याकाळी ‘बोर्डावर नंबर लागला नाही, पुढची तारीख मिळाली’ हे ऐकलं असेल, त्याला विचारा. पक्षकाराच्या दृष्टीनं न्यायालयाची रचना म्हणजे मुख्यतः अंतर.

आत कोण कुठे बसतं

मुंबई हायकोर्टाला मंजूर न्यायमूर्ती ९४: कायम ७१ आणि अतिरिक्त, म्हणजे ठरावीक मुदतीचे, २३. या सगळ्या खुर्च्या एकाच वेळी भरलेल्या क्वचितच दिसतात. सगळे न्यायमूर्ती अधिकारानं सारखे. मुख्य न्यायमूर्तींचं मत निकालात इतरांपेक्षा तसूभरही जड नसतं. पण कुणी कुठल्या प्रकारची प्रकरणं ऐकायची, कुणी कुणाबरोबर बसायचं, मुंबईत बसायचं की नागपुरात, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. याला रोस्टर म्हणतात, आणि खरी सत्ता तिथे आहे.

याचा एक मासला आपण २०१७ च्या गणेशोत्सवात पाहिला. ध्वनिप्रदूषण आणि शांतता क्षेत्रांचं प्रकरण न्या. अभय ओक यांच्या पीठासमोर होतं. राज्य सरकारनं चक्क न्यायमूर्तींवर पक्षपाताचा आरोप करून प्रकरण दुसरीकडे द्या अशी मागणी केली, आणि तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांनी ते काढून दुसऱ्या पीठाकडे दिलंही. वकिलांच्या संघटना खवळल्या. काही दिवसांतच मुख्य न्यायमूर्तींनी निर्णय फिरवला, न्या. ओक यांचा समावेश असलेलं तिघांचं पूर्णपीठ नेमलं आणि सरकारला माफी मागावी लागली. कायद्याच्या पुस्तकात हे प्रकरण रोस्टरच्या नावाखाली सापडणार नाही. पण रोस्टर म्हणजे काय हे त्या आठवड्यात महाराष्ट्राला जितकं कळलं तितकं एरवी कळत नाही.

पीठांचे प्रकार सोपे आहेत. एकटे न्यायमूर्ती बसतात ते एकल पीठ, दोघांचं खंडपीठ (नागपूर-औरंगाबादसारख्या ठिकाणच्या पीठालाही हाच शब्द वापरतात), तीन किंवा जास्त असतील तर पूर्णपीठ. फाशीची शिक्षा हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही आणि ते काम किमान दोघांचं पीठच करतं. २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या पाच फाशी याच कारणानं इथे आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये खंडपीठानं त्या कायम करण्याऐवजी सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. (राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं, हे वेगळं.)

दोघांचं पटलं नाही तर? तर तिसरा. केंद्र सरकारबद्दलची माहिती खरी की खोटी हे सरकारी कक्षच ठरवेल, अशा आयटी नियमांना कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवले, न्या. नीला गोखले यांनी वैध ठरवले. प्रकरण तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी न्या. पटेल यांच्या बाजूनं कौल दिल्यावर नियम पडले.

मुंबईच्या मुख्य पीठाचं एक जुनं वैशिष्ट्य म्हणजे मूळ शाखा, वकिलांच्या भाषेत ओरिजिनल साइड. हायकोर्ट म्हटलं की आपल्याला अपील आठवतं, पण मुंबई शहर-उपनगरातला १० कोटींहून मोठा दिवाणी दावा आजही थेट इथेच दाखल होतो. ही मर्यादा २०२४ पर्यंत १ कोटी होती. पूर्वी फौजदारी खटलेही इथेच ज्युरीसमोर चालत. लोकमान्यांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला याच इमारतीत चालला तो त्यामुळे. सहा वर्षांची शिक्षा ठोठावणारे न्या. दिनशा दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते. वकिलीतून न्यायासनावर जाण्याची वाट किती जुनी आहे, याचा याहून बोचरा दाखला मला माहीत नाही.

बाकी अधिकारांबद्दल इतकंच: २२६ व्या कलमाखालचा रिट अधिकार, म्हणजे सरकारला थेट आदेश देण्याचा अधिकार, हा हायकोर्टाचा कणा. मूलभूत हक्क मोडले तर सर्वोच्च न्यायालयात थेट जाता येतं. हायकोर्टात मात्र मूलभूत नसलेल्या, साध्या कायदेशीर हक्कांसाठीही जाता येतं. शिवाय राज्यातल्या सगळ्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर देखरेख हायकोर्टाची. तिथल्या न्यायाधीशांच्या बदल्या, बढत्या, चौकश्या सगळं इथून होतं.

नाव निघतं कुठून

घटनेनं घातलेली पात्रतेची अट आश्चर्य वाटावं इतकी छोटी आहे. भारताचं नागरिकत्व आणि हायकोर्टात १० वर्षं वकिली किंवा १० वर्षं न्यायिक पद. बस. किमान वय घटनेत नाही; प्रथा अशी की वकील साधारण ४५ च्या पुढचा असावा. प्रथा म्हटलं की अपवाद आलाच. धनंजय चंद्रचूड मार्च २००० मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले तेव्हा चाळिशीचे होते.

येण्याच्या वाटा दोन. वकिलांतून साधारण दोनतृतीयांश आणि जिल्हा न्यायाधीशांतून एकतृतीयांश, हीसुद्धा प्रथाच. एमपीएससीची परीक्षा देऊन कनिष्ठ स्तरावर रुजू झालेला तालुक्याचा न्यायाधीश पायरी पायरी चढत जिल्हा न्यायाधीश होईपर्यंत केस पांढरे होतात. नाव पुढे गेलं तरी हायकोर्टात त्याला मोजकी वर्षं मिळतात. वकिलांतून आलेला पन्नाशीच्या आत येतो, त्याला लांब पल्ला मिळतो, म्हणून पुढे मुख्य न्यायमूर्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बहुतेक त्याच वाटेचे असतात. उदाहरण म्हणून भूषण गवई यांचा प्रवास पाहा: नागपुरात वकिली, नोव्हेंबर २००३ मध्ये अतिरिक्त न्यायमूर्ती, २००५ मध्ये कायम, मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय, मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश. सेवेतून आलेल्या माणसाच्या वाट्याला एवढी वर्षं शिल्लकच नसतात. अनुभव तालुक्याचा आणि निर्णय वरच्यांचा, ही दरी व्यवस्थेनंच घडवलेली आहे.

वकिलाला अर्ज करता येत नाही. नाव सुचवलं जातं. मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्या खालचे दोन सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती मिळून हायकोर्टाचं कॉलेजियम होतं. कोण अभ्यासू आहे, कुणाचा युक्तिवाद नेटका असतो, कोण खोट्या तारखा मागतो, हे न्यायमूर्ती रोज समोर पाहत असतात. त्यातून नावं निघतात, मग संमती विचारली जाते. इथे बरेच जण नकार देतात, आणि कारण उघड आहे. न्यायमूर्तीचा मूळ पगार महिना २ लाख २५ हजार. फोर्टातला चालती वकिली असलेला ज्येष्ठ वकील कधी कधी एका सुनावणीला त्याहून जास्त घेतो. जो तयार होतो त्याची गेल्या पाच वर्षांची वकिलीची कमाई, गाजलेली प्रकरणं, सगळं प्रस्तावाला जोडलं जातं.

एक विचित्र बाब इथेच आहे. धोरण म्हणून मुख्य न्यायमूर्ती बहुधा परराज्यातले असतात. (न्या. धानुका मुंबईचेच होते, म्हणजे तिथेही अपवाद.) हेतू चांगला: स्थानिक लागेबांधे नकोत. पण न्या. आलोक आराधे जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत आले आणि ऑगस्टअखेर सर्वोच्च न्यायालयात गेले. सात महिन्यांत ९४ जागांच्या न्यायालयाची, पाच ठिकाणच्या वकिलांची ओळख करून घ्यायची आणि पुढची वीस वर्षं न्यायासनावर बसणारी माणसंही हेरायची. साहजिकच भार पडतो शेजारच्या दोन ज्येष्ठांवर. त्या दोघांची नावं कुणी विचारली तर किती वाचकांना सांगता येतील?

फाइलीचा प्रवास

प्रस्ताव तयार झाला की तो मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्रीय कायदामंत्री आणि सरन्यायाधीश यांच्याकडे जातो. मुख्यमंत्र्यांना स्वतःचं एखादं नाव सुचवायचं असेल तर ते मुख्य न्यायमूर्तींकडे विचारार्थ पाठवू शकतात, थेट दिल्लीला नाही. राज्याचं मत राज्यपालांमार्फत सहा आठवड्यांत गेलं पाहिजे. नाही गेलं तर राज्याला काही म्हणायचं नाही असं धरायचं. दरम्यान गुप्तचर खात्याकडून, म्हणजे आयबीकडून, उमेदवाराची चौकशी होते: आर्थिक व्यवहार, राजकीय संबंध, चारित्र्य, लोकांत असलेलं नाव.

मग कायदा मंत्रालय सगळं बाड सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमकडे देतं. हायकोर्टाच्या नेमणुकांसाठी यात सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती. ते आधी मुंबईत काम केलेल्या सर्वोच्च न्यायालयातल्या सहकाऱ्यांना विचारतात, मग नाव मान्य करतात, परत पाठवतात किंवा बाजूला ठेवतात. डिसेंबर २०२४ पासून उमेदवारांना समोर बोलावून भेटण्याचीही सुरुवात झाली. एवढी वर्षं बहुतेक कागदावरूनच ठरत होतं, हे ऐकून कुणालाही नवल वाटेल. मान्य झालेलं नाव कायदामंत्री, पंतप्रधान असं करत राष्ट्रपतींकडे जातं. राष्ट्रपती सही करतात, अधिसूचना निघते, आणि राज्यपाल किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती शपथ देते.

सरकारला नाव आवडलं नाही तर ते कारण देऊन एकदा परत पाठवू शकतं. कॉलेजियमनं तेच नाव पुन्हा पाठवलं की मात्र नेमणूक करणं सरकारवर बंधनकारक. म्हणजे नाही म्हणण्याचा अधिकार सरकारकडे नाही. गप्प बसण्याचा आहे.

मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं त्यांची शिफारस केली. सरकारनं आक्षेप घेतला की त्यांनी न्यायालयांपुढे असलेल्या विषयांवर समाजमाध्यमांत मतं मांडली आहेत. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमनं उत्तर दिलं: मत मांडण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, त्यामुळे घटनात्मक पदासाठी कुणी अपात्र ठरत नाही. नाव पुन्हा पाठवलं. नेमणूक झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. पहिल्या शिफारशीपासून २१ महिने. याच काळात, मे २०२३ मध्ये मुंबईच्याच दुसऱ्या तीन वकिलांची शिफारस झाली आणि जूनमध्ये त्यांचा शपथविधीही उरकला.

यात बिघडलं काय, असं वाटू शकतं. शेवटी झाले ना न्यायमूर्ती? बिघडतं ते ज्येष्ठतेचं. हायकोर्टात ज्येष्ठता मोजतात शपथेपासून. मागून आलेला आधी शपथ घेऊन बसला की तो कायमचा वरचा. आणि ज्येष्ठतेवरूनच पुढे कोण हायकोर्टाच्या कॉलेजियममध्ये बसणार, कोण मुख्य न्यायमूर्ती होणार हे ठरतं. आज थांबवलेली एक फाइल दहा वर्षांनंतर नावं कोण निवडेल यावर परिणाम करते. नकारापेक्षा मौन जास्त काम करतं ते असं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये कालमर्यादा आखून दिली होती: पुन्हा पाठवलेलं नाव असेल तर तीन-चार आठवड्यांत नेमणूक करा. वरच्या उदाहरणात ते झाले दहा महिने.

हे असं ठरलं कसं

घटनेत कॉलेजियम हा शब्दच नाही. २१७ वं कलम म्हणतं की राष्ट्रपती सरन्यायाधीश, राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्तींचा सल्ला घेऊन नेमणूक करतील. सल्ला मानलाच पाहिजे की नुसता घ्यायचा, एवढ्याच मुद्द्यावर तीन मोठी प्रकरणं झाली.

पहिल्याचा एक धागा मुंबईतून निघतो. १८ मार्च १९८१ रोजी केंद्रीय कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी मुख्यमंत्र्यांना परिपत्रक धाडलं की, तुमच्या हायकोर्टातल्या अतिरिक्त न्यायमूर्तींकडून दुसऱ्या राज्यात जाण्याची संमती लिहून घ्या. अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणजे दोन वर्षांच्या बोलीवर आलेला, कायम होण्याची वाट पाहणारा माणूस. त्याच्याकडून अशी संमती मागणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मुंबईचे वकील इक्बाल छागला आणि त्यांचे सहकारी याविरुद्ध हायकोर्टात गेले. (इक्बाल हे १९४७ मध्ये मुंबईचे पहिले भारतीय मुख्य न्यायमूर्ती झालेल्या एम. सी. छागलांचे चिरंजीव.) ते प्रकरण इतरांसोबत सर्वोच्च न्यायालयात ऐकलं गेलं आणि डिसेंबर १९८१ मध्ये निकाल आला तो सरकारच्या बाजूनं: सल्ला म्हणजे संमती नव्हे.

१९९३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते उलटवलं. शेवटचा शब्द न्यायव्यवस्थेचा, आणि तो सरन्यायाधीशांचा एकट्याचा नव्हे तर ज्येष्ठांसह. १९९८ मध्ये कोण किती जण, याचा हिशेब पक्का झाला. २०१४ मध्ये संसदेनं ९९ वी घटनादुरुस्ती करून न्यायिक नियुक्ती आयोग आणला: तीन न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन नामवंत व्यक्ती. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. विरोधी मत देणारे न्या. चेलमेश्वर यांनी कॉलेजियमच्या अपारदर्शकतेवर नेमकं बोट ठेवलं होतं, आणि ते आजही तितकंच लागू आहे.

न्यायमूर्तींनीच न्यायमूर्ती निवडावेत हे मलाही तत्त्व म्हणून पटत नाही. पण १९८१ च्या परिपत्रकाचा इतिहास असलेल्या देशात ते काम पुन्हा मंत्र्याच्या टेबलावर जावं असंही म्हणवत नाही. घटनेत या नेमणुकांना आरक्षण नाही. स्त्रिया, मागासवर्गीय, अल्पसंख्याक यांची नावं यावीत ती निवडणाऱ्यांच्या मनावर. मुंबईला पहिल्या महिला न्यायमूर्ती सुजाता मनोहर मिळाल्या १९७८ मध्ये, म्हणजे न्यायालय सुरू झाल्यावर ११६ वर्षांनी.

शपथेनंतरची टांगती तलवार

नवा न्यायमूर्ती साधारणपणे आधी दोन वर्षांसाठी अतिरिक्त असतो. निकाल देतो, फाशी कायम करतो, सरकारविरुद्ध आदेश काढतो, पण कायम होण्याची खात्री नसते. यू. आर. लळित मुंबई हायकोर्टाचे अतिरिक्त न्यायमूर्ती होते. आणीबाणीच्या काळात इंदिरा गांधी सरकारनं त्यांना कायम केलं नाही. (त्यांचे चिरंजीव उदय लळित २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले.)

उलट बाजूचं उदाहरण नागपूर खंडपीठाच्या न्या. पुष्पा गनेडीवाला यांचं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या, जानेवारी २०२१ मधल्या त्यांच्या निकालात कपड्यांवरून केलेला स्पर्श त्या कायद्याखालचा लैंगिक अत्याचार ठरत नाही, असं म्हटलं होतं. देशभर गदारोळ झाला. त्यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमनं मागे घेतली, दोनऐवजी एकच वर्षाची मुदत मिळाली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२१ मध्येच रद्द केला होता. निकाल चुकीचा होता याबद्दल फारसं दुमत नाही. पण चुकीचा निकाल अपिलात दुरुस्त होतो, आणि तो दुरुस्त झाला. निकाल पाहून न्यायमूर्तीची मुदत ठरवायची पद्धत एकदा मान्य केली की ती फक्त वाईट निकालांपुरती राहील, याची हमी कोण देणार? अतिरिक्त हा प्रकार घटनेनं तात्पुरत्या साचलेल्या कामासाठी ठेवला होता. त्याची उमेदवारीची मुदत झाली ती वापरातून.

एकदा कायम झाल्यावर मात्र काढणं जवळपास अशक्य. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० खासदारांच्या सह्यांनी प्रस्ताव, मग चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. आजवर हायकोर्टाचा एकही न्यायमूर्ती असा काढला गेलेला नाही. कोलकात्याचे न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव २०११ मध्ये राज्यसभेत मंजूर झाला होता, लोकसभेत येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. प्रत्यक्षात वापरलं जाणारं हत्यार म्हणजे बदली. ती सर्वोच्च न्यायालयाच्या पाच जणांच्या कॉलेजियमच्या शिफारशीनं होते आणि कारण म्हणून बहुधा ‘न्यायदानाच्या सोयीसाठी’ एवढंच लिहिलेलं असतं.

आता वाचकाला यातलं काय पाहता येतं? २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर कॉलेजियमचे ठराव लागतात, आणि मे २०२५ मध्ये नोव्हेंबर २०२२ पासूनच्या शिफारशींची मोठी यादी तिथे लावली गेली. कोण कुणाचा नातेवाईक आहे, हा रकानासुद्धा त्यात आहे. मुंबईची नावं शोधा, शिफारशीची तारीख टिपून ठेवा आणि तिच्या शेजारी कायदा मंत्रालयाच्या अधिसूचनेची तारीख लिहा. कुणाच्या नावापुढे सहा आठवडे येतात, कुणाच्या पुढे वर्ष-दोन वर्षं, आणि काही नावांपुढे दुसरी तारीख लिहायला मिळतच नाही.